चपला कुठे काढू?

खराडी, १२ जानेवारी

वरद,

फाडून टाकायचं असेल तर टाक, पण अर्धं पान वाचून मग टाक.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, इंद्रजीतचाही केलास. इंद्रजीतने तुझं काय घोडं मारलं होतं मला ठाऊक नाही. माझा नवरा आहे एवढाच त्याचा गुन्हा असावा. मेलला तू उत्तर देत नाहीस. म्हणून तुझ्या कोइमतूरच्या कारखान्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवते आहे. शाळेत असताना मामाला दिवाळीचं पत्र लिहायला आई जबरदस्तीने बसवायची, त्यानंतर हातात कागद आजच घेतला. अक्षर वाईट आलंय, चालवून घे.

बाबांबद्दल लिहायचं आहे.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना बापूरावांचा फोन आला. आपल्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरचे. तू गेलास तेव्हा होते तसेच आहेत. म्हणाले, "स्वरालीताई, तुमच्या वडिलांच्या स्वयंपाकघरातलं पाणी आमच्या देवघरात येतंय. देवांना चोवीस तास अभिषेक चाललाय." मी म्हटलं, लगेच प्लंबर पाठवते. तर म्हणाले, "प्लंबर येऊन गेला. त्याला आत शिरता आलं नाही."

मला वाटलं, बाबांनी नेहमीच्या संशयी स्वभावाने दार उघडलं नसेल. तशीच निघाले. रामवाडीपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो, मग पूल ओलांडून चालत नारायण पेठेत. जिना चढताना लक्षात आलं की हा जिना मी कित्येक महिन्यांत चढलेले नाही. मी आले की बाबाच खाली यायचे. "तू कशाला चढतेस, मी उतरतो, तेवढाच माझा व्यायाम." मग आम्ही कोपऱ्यावर चहा प्यायचो, मी डबा त्यांच्या हातात द्यायचे आणि परत फिरायचे. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, डोळ्यांत तोच खवचटपणा. मला त्यात काही खटकलं नाही.

दार वीतभर उघडलं. त्यापुढे जाईना. बाबा आतून म्हणाले, "आडवी हो आणि ये."

वरद, हॉल दिसतच नाही. मिक्सर, कुकर, पंख्याची पाती, तीन पायांच्या खुर्च्या, जुने पेटीसारखे टीव्ही, वायरींची भेंडोळी, काचेच्या बरण्या. सगळं खालपासून छातीपर्यंत रचलेलं. मधून एक वाट, तीसुद्धा एका माणसाने तिरकं चालावं एवढी. लोक कचऱ्याच्या डब्याशेजारी जे ठेवून जातात ते बाबा वर घेऊन येतात. ओट्यावर इस्त्र्यांची रांग. गॅसची एक शेगडी तेवढी मोकळी. सिंकखाली गळती आहे, पण सिंकखाली पोचायचं तर आधी डझनभर कुकर हलवायला हवेत. कुबट वास आणि उंदरांच्या लेंड्या.

आणि बाबा त्या सगळ्यात उभे, स्वच्छ शर्टात. एका स्टुलावरचा मिक्सर उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "बस. चहा टाकू?"

हे आईचं घर आहे. जिच्याकडे पायपुसणंसुद्धा दर दोन दिवसांनी धुतलं जायचं. "हेमाताईंकडे जमिनीवर वाढलं तरी चालेल," असं सगळी बिल्डिंग म्हणायची.

मी चहा प्यायले. गळतीचं बघते म्हणाले आणि निघाले. मेट्रोत रडले. समोरच्या मुलीने कानातले इअरफोन काढून विचारलं, "ताई, आर यू ओके?" मी मान हलवली.

तुला हे सांगून काय होणार, माहीत नाही. सांगायला दुसरं कुणी नाही.

ताई


खराडी, २३ फेब्रुवारी

वरद,

पहिलं पत्र तुला मिळालं. पोस्टाच्या साइटवर तुझी सही दिसते, अजून तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट. उत्तर लिहू नकोस हवं तर. मी लिहीत राहीन.

गळती थांबवली. दर रविवारी जाते आहे. सुरुवातीला वाटलं होतं, बापलेक मिळून आवरू, महिन्याभरात होईल. बाबा नको म्हणत नाहीत. समोर स्टुलावर बसतात आणि प्रत्येक वस्तूची वकिली करतात.

"हा कुकर टाकू?"

"का? त्याने काय केलंय?"

"बाबा, याला कान नाही."

"कान बसवता येतो."

"कधी बसवणार?"

"तू येऊन गप्पा मारायची थांबशील तेव्हा."

गेल्या रविवारी दोन कुकर आणि एक मोडकी खुर्ची खाली डब्यापाशी ठेवून आले. या रविवारी गेले तर ती तिन्ही वर होतीच, शिवाय त्यांच्या सोबतीला एक कूलर आला होता. बापूराव जिन्यात भेटले. "प्रदर्शन जिन्यापर्यंत पोचलंय. आता तिकीट लावा म्हणावं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, आत गॅसचं सिलिंडर आहे आणि हे सगळं आहे. आम्ही वर-खाली राहतो हो." बरोबरच आहे त्यांचं.

कांताबाईंना फोन केला. तुला आठवतात ना, आपल्या दोघांच्या लहानपणापासून केर-फरशीला येणाऱ्या? त्यांनी मागच्या वर्षीच काम सोडलं, मला कुणी सांगितलं नाही. म्हणाल्या, "ताई, जमीन दिसली तर पुसू ना. मी झाडू घेऊन दारात उभी राहायची आणि साहेब म्हणायचे, आज राहू द्या. रोजच राहू द्या. मग कशाला जायचं?"

पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले की आई गेल्याच्या दुःखाने बाबांचं हे असं झालं. इंद्रजीतला सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं, मलाही तेच पटलं होतं. आज मी तो शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, "बाबा, आईला हे आवडलं असतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ती गेली."

इतकं सरळ म्हणाले की मी हातातलं फडकं खाली ठेवलं. ते एका इस्त्रीचा स्क्रू काढत होते. वर न बघता बोलत राहिले. "तुझ्या आईच्या घरात माझी अवजारांची एक ट्रंक होती. गॅलरीत. लग्न झाल्यापासून. आत आणली की तिला आवडायचं नाही, ग्रीसचा वास येतो म्हणायची. पावसाळ्यात मी तिच्यावर गोणपाट टाकायचो. दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांनी मोडलेली उपकरणं दुरुस्त करायची आणि घरी आलं की हात साबणाने दोनदा धुऊन दिवाणावर बसायचं. उशीला पाठ टेकायची नाही. खोळ चुरगळते."

मी म्हटलं, "आई वाईट नव्हती."

"वाईट कोण म्हणतंय? फार कष्ट करायची. मी पाहुणा होतो एवढंच."

आणि मग: "वरदने नेमकी तीच ट्रंक भंगारात दिली. चौदाव्याला लोक येणार म्हणून. तुम्हा दोघांना वाटलं, मी हेमाच्या साड्यांवरून चिडलो."

वरद, मला खरंच तसं वाटलं होतं. तू आईचं कपाट उघडलंस म्हणून बाबांनी तुला सगळ्यांसमोर "चालता हो" म्हटलं, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. फोनवर तुला नाही नाही ते बोलले तेही त्याच जोरावर. तुला ट्रंकेचं ठाऊक होतं का? मला वाटतं, नव्हतं. ती आपल्याला कधी दिसलीच नाही. गॅलरीत काहीतरी असायचं, गोणपाटाखाली.

ताई


नारायण पेठ, १९ मार्च

वरद,

आधीच सांगते, बाबा आता ठीक आहेत. घाबरू नकोस.

ते पडले. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना वाटेतली थप्पी अंगावर कोसळली आणि ते तिच्याखाली अडकले. दार उघडता येईना, कारण दारामागेही तेच सगळं पडलं होतं. फोन दिवाणावर. बापूरावांनी सकाळी जाताना दाराच्या कडीला लटकलेली दुधाची पिशवी पाहिली, दुपारी परत आले तरी ती तिथेच. त्यांनी कान लावला. अग्निशमन दलाची माणसं शिडी लावून गॅलरीतून आत शिरली. मी पोचले तेव्हा बाबांना स्ट्रेचरवरून उतरवत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? आज रविवार नाही."

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. अजून बरेच दिवस हॉस्पिटलात राहावं लागेल, मग घरी वॉकर.

आता चांगली बातमी. घर आवरलं! सगळं. मी ऑफिसातून सुट्टी काढली, इंद्रजीतने टेम्पो आणले, हमाल लावले. कांताबाई स्वतःहून आल्या, सोबत भाचीला घेऊन. बायकांनी तोंडाला ओढण्या बांधल्या आणि दोन-अडीच दिवस नुसतं उपसणं चाललं होतं. फरशी पहिल्यांदा दिसली तेव्हा कांताबाई खाली बसल्या आणि तळहाताने ती चोळायला लागल्या. "हीच ती बाईंची फरशी," म्हणाल्या. मग पेस्ट कंट्रोल, मग रंग. आईच्या वेळचाच रंग दिला, फिकट पिस्ता. दिवाणाला नवीन खोळी शिवून घेतल्या. ओट्यावर आईचे डबे ओळीने लावले. बाथरूममध्ये आणि दिवाणाजवळ धरायला दांडे बसवले. बापूराव वर येऊन गेले. सगळीकडे बघून फक्त "हं" म्हणाले. त्यांच्याकडून "हं" म्हणजे सत्कारच.

बिल्डिंगमधल्या बायका बघायला येतात. म्हणतात, हेमाताई असत्या तर डोळे भरून आले असते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. घरी आल्यावरच बघू देत. तू बघितलंस तर तुलाही ओळखू येणार नाही.

मी खूप दमले आहे, पण खूप बरं वाटतंय. खरंच.

ताई


नारायण पेठ, ११ एप्रिल

वरद,

बाबांना घरी आणून आठवडा झाला.

खुर्चीत बसवून दोघांनी जिन्यातून वर आणलं. दारात वॉकर हातात दिला. मी पुढे होऊन दार पूर्ण उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत. मनात काय काय होतं माझ्या! पिस्त्याचा रंग, पडद्यातून येणारं ऊन.

बाबा उंबऱ्यात थांबले. डावीकडून उजवीकडे सावकाश बघितलं. मी वाट बघत होते की आता चिडतील, ओरडतील, निदान काहीतरी टोचून बोलतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यांनी विचारलं, "चपला कुठे काढू?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. म्हटलं, "काय हो बाबा, कुठेही काढा."

"नाही, कुठे ते सांग. फरशी खराब होईल."

चेष्टा नव्हती. मी दाखवलं तिथे त्यांनी चपला काढल्या, जोडून ठेवल्या. दिवाणाच्या कडेवर बसले. उशीला टेकले नाहीत.

तेव्हापासून असंच चाललं आहे. "पाणी घेऊ का?" "ही खिडकी उघडली तर चालेल?" "पेपर इथे ठेवला तर कुणाचं काही म्हणणं?" त्यांना उठवायला-बसवायला सुशीलाबाई ठेवल्या आहेत, माझ्या खोलीत झोपतात. त्यांना तर बाबांचं फार कौतुक. "असा पेशंट आमच्या नशिबी नसतो. चादरीला सुरकुती नाही, ताटात शीत नाही." ताटात शीत नाही कारण ते ताटात घेतच नाहीत. एक फुलका, अर्धी वाटी वरण. "पुरे, आभारी आहे."

मला आभारी आहे म्हणतात, वरद. मला.

मागच्या पत्रात सांगायचं टाळलं ते आता सांगते. सगळं भंगार नव्हतं. माझ्या जुन्या खोलीत, खिडकीखालच्या फळीवर त्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तू होत्या. वेगळ्या ठेवलेल्या, पुसलेल्या. मिक्सर, इस्त्र्या, टेबललॅम्प. मी एक मिक्सर प्लगला लावून बघितला. सुरू झाला. दुसरा लावला. तोही. हमाल दारात उभा होता, "हे पण न्यायचं का ताई?" खाली टेम्पो हॉर्न मारत होता, बापूराव रस्ता अडलाय म्हणून वर हाका मारत होते. मी म्हटलं, "न्या, सगळं न्या." का म्हटलं? कारण एक ठेवला तर दुसरा का नको, आणि मग कुठे थांबायचं? आणि खरं सांगू, मला रिकामी फळी बघायची होती. त्या क्षणी मला बाबा नको होते. फळी हवी होती.

त्यांनी त्या फळीबद्दल एकदाही विचारलेलं नाही.

घर स्वच्छ आहे. रोज कांताबाई येतात, केर काढतात, केरात काही येत नाही. कुणी राहत असल्याची खूणच नाही.

ताई


नारायण पेठ, १४ मे

वरद,

मला आता भीती वाटायला लागली आहे. बाबा व्यायाम करत नाहीत. फिजिओथेरपीची मुलगी येते, तिला "आज राहू द्या" म्हणतात. पाय आखडत चालला आहे. दिवसातला बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, वस्तू साठवणं हा आजार असू शकतो, आणि त्यांना न सांगता सगळं नेलंत तो धक्काही आहे, दोन्ही खरं आहे. औषधं सुरू केली आहेत. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

परवा बाबा म्हणाले, "एखादा वृद्धाश्रम बघ. तिथे सगळं नीटनेटकं असतं. मला आता सवय झाली आहे."

मग माझा बांध फुटला. सुशीलाबाई खाली दूध आणायला गेल्या होत्या, बरं झालं. मी किंचाळलेच. म्हटलं, "तुम्ही त्या ढिगाखाली पडला होतात! हाक कुणाला ऐकू येत नव्हती! दुधाची पिशवी नसती तर मी रविवारी आले असते, आणि मग मला काय दिसलं असतं? काय करायला हवं होतं मी? सांगा ना!"

"विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"नाही."

"मग?"

त्यांनी चादरीची कड सरळ केली. मग म्हणाले, "पण मी नाही म्हटलं असतं. तू भांडली असतीस. मी चार गोष्टी सोडल्या असत्या, दोन धरून बसलो असतो. तुझ्या आईनेही कधी विचारलं नाही आणि वरदनेही नाही. तू रविवारी येऊन प्रत्येक कुकर हातात घेऊन विचारायचीस, टाकू का. मला वाटलं, ही विचारते."

मी तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी हात पुढे केला, पण दिवाणावरून तो माझ्या डोक्यापर्यंत पोचेना, आणि वाकवत नव्हतं. मग मीच सरकले.

आम्ही त्या दिवशी खूप बोललो. मी म्हटलं, तुम्हाला काम लागतं, हात रिकामे राहिले की तुम्ही असे होता. एक खोली घ्या. तिच्यात काहीही आणा, दुरुस्त करा, मांडून ठेवा. कांताबाई आत येणार नाहीत, मी येणार नाही. फक्त हॉल, वाट आणि स्वयंपाकघर मोकळं राहील, आणि खोलीतली थप्पी कमरेच्या वर नाही. ते ऐकत होते. पहिल्यांदाच मान वळवून ऐकत होते. "कमर कुणाची?" विचारलं. "तुझी की माझी?"

मी म्हटलं, वरदची खोली घ्या. गॅलरीला लागून आहे, उजेड आहे. माझ्या खोलीत सुशीलाबाई आहेत.

"त्याला विचारलंस?"

"तो बोलतोय कुठे?"

"मग नाही."

आता जे लिहिणार आहे ते मी तुझ्यापासून मार्चपासून लपवलं. घर उपसताना तुझ्या खोलीचं दार बंद होतं. मला वाटलं, इथे सगळ्यात भयंकर असणार, म्हणून ते शेवटी ठेवलं. इंद्रजीत खांदा लावायला तयार उभा होता. दार एका बोटाने उघडलं. आत काही नव्हतं, वरद. म्हणजे तुझंच सगळं होतं. पलंग, टेबल, कॉलेजची पुस्तकं. चादर ताणून घातलेली. फरशीवर धूळ नाही. दाराआड केरसुणी. घरभर पाय ठेवायला जागा नव्हती, स्वतःला झोपायला अर्धा दिवाण उरला होता, आणि त्या खोलीत ते रोज केर काढत होते.

तुला का नाही सांगितलं? मला राग आला. दर आठवड्याला डबा घेऊन मी यायचे आणि माझ्या खोलीत छतापर्यंत पंखे. जो दार आपटून गेला, त्याची खोली आरशासारखी. मी हमालांना म्हटलं, या खोलीत काही नाही, आणि दार ओढून घेतलं. बाबांनाही सांगितलं नाही की मी बघितली.

तर आता मी विचारते आहे. ती खोली त्यांना द्यायची का? मला कळवू नकोस, त्यांना कळव. त्यांचा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस असं ते म्हणतात. "मी फोन केला तर रिंग जाईल त्याला," म्हणतात, आणि करत मात्र नाहीत. तू हो म्हण किंवा नाही म्हण. पण त्यांच्याशी बोल.

ताई


नारायण पेठ, २ जून

वरद,

तुझा फोन आला तेव्हा मी इथेच होते. स्क्रीनवर नाव बघून त्यांनी तो आधी नुसता हातात धरला. मला वाटलं, बंद होईल. मग उचलला. स्पीकर लावला नाही, आणि मीही उठून आत गेले नाही.

मला एवढंच ऐकू आलं: "बोल... हं... हं. पाय बरा आहे. तिने लिहिलं का? तिला काय, ती लिहिते... हं. नाही का? बरं. नाही तर नाही... नाही, त्याचं काही नाही. जेवलास का?"

मग ट्रंकेबद्दल काहीतरी तू बोलला असावास. कारण ते एकदम म्हणाले, "अरे राहू दे, गंजली होती ती," आणि चष्मा काढला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

मनातल्या मनात तुला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बाबा मात्र उशीला टेकले. सरळ मागे टेकले, खोळ चुरगळली. म्हणाले, "म्हणतो, माझ्या खोलीत काही ठेवू नका."

"मग आता?"

"माझ्या म्हणाला," बाबा म्हणाले. आणि जरा वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "माझ्या खोलीत."

संध्याकाळी सुशीलाबाईंना चहा मागितला. विचारला नाही, मागितला. आलं घालून, आणि साखर नीट घाला म्हणून. दुसऱ्या दिवशी फिजिओच्या मुलीला उशीर झाला तर तिला ऐकवलं, "आमच्याकडे घड्याळ आहे, तुमच्याकडे नसेल तर एक दुरुस्त करून देतो." तिला हसावं की रडावं कळेना. मी मात्र पोटभर हसून घेतलं.

सुशीलाबाईंची आता रात्री गरज नाही. त्या गेल्या की माझी खोली बाबांना द्यायची ठरलं. त्यांनी मला रीतसर विचारलं, आणि मी रीतसर भांडले. माझी पुस्तकं हलणार नाहीत, खिडकी रोज उघडायची, थप्पी माझ्या कमरेपर्यंत, त्यांच्या नाही. कमरेवर बराच वाद झाला. मी जिंकले. अर्थात तेही बघू, पुढे किती पाळतात. डॉक्टर म्हणाल्यात, आजार जात नाही, सांभाळत राहावं लागतं. बापूरावांनाही स्पष्ट सांगून ठेवलं. ते म्हणाले, "लक्ष ठेवू. दुधाच्या पिशवीपेक्षा आम्ही बरे."

काल बाबा पहिल्यांदा वॉकर घेऊन खाली गेले, सुशीलाबाई सोबत. बराच वेळ झाला म्हणून मी दार उघडून जिन्यात डोकावले, तर दोघं वर येत होते. सुशीलाबाईंच्या हातात एक टेबलफॅन. जाळी वाकलेली, वायर लोंबकळणारी, अंगावर काळं तेलकट किटण. कचऱ्याच्या डब्याशेजारून आणलेला, हे उघड होतं.

बाबा उंबऱ्याशी थांबले. माझ्याकडे बघितलं. खोटं नाही सांगत, वरद. मला परत ती वाट दिसली, ती थप्पी, शिडीवरून चढणारी माणसं. तोंडापर्यंत "नको" आलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. वॉकर आत टाकला, चपला तिथेच मधोमध काढल्या, एक सरळ, एक उलटी, आणि सुशीलाबाईंना म्हणाले, "तिच्या खोलीत, खिडकीखाली ठेवा. मोटर चांगली आहे याची."

पंख्यातून गळलेल्या तेलाचा एक काळा ओघळ दारापासून खिडकीपर्यंत फरशीवर उमटला आहे. मी फडकं आणायला उठले होते. परत बसले. आत्ता तिथेच, त्या ओघळाच्या शेजारी बसून तुला लिहिते आहे. ते स्क्रू ड्रायव्हर शोधताहेत आणि मला विचारताहेत, या घरात एकही वस्तू जागेवर का सापडत नाही.

कधी येतोस?

ताई